डिलिव्हरी चलनामागचे सतरा पत्ते

वहिनींनी कंपनीच्या ईमेल पत्त्यांची यादी पाठवली ती डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर लिहून, तिचा फोटो काढून. पुढच्या बाजूचा निळा कार्बन कागदातून थोडा दिसत होता आणि त्यावर वहिनींचं टपोरं अक्षर: सेल्स, अकाउंट्स, स्टोअर्स, पुन्हा सेल्स (कंसात ‘फाउंड्री’), अण्णांचा, दादाचा जुना, दादाचा नवा. मोजले तर सतरा भरले. खाली एक ओळ होती, “ताई, ह्यातला एकही बंद पडून चालणार नाही.”

कुपवाड एमआयडीसीत अण्णांचं मशिन शॉप आहे. शाफ्ट, बुश, फ्लँज असली कामं. दादा इंजिनिअर होऊन धंद्यात आला त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, त्याने कंपनीच्या नावाचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @च्या पुढे येतं ते नाव, घेतलं. नाव लांबलचक, फोनवर सांगताना दर वेळी एकेक अक्षर फोडून सांगावं लागायचं. म्हणून पुढे आटोपशीर नावाचं दुसरं घेतलं. मग मावसभावाबरोबर भागीदारीत फाउंड्री काढली, तिचं तिसरं. इथे मी त्यांना जुनं, नवं आणि फाउंड्री एवढंच म्हणते.

जुनं सोडून द्यावं, तर अण्णांचा पत्ता त्यावर. बँकेत तोच, जीएसटीच्या नोंदणीत तोच, आणि इतक्या वर्षांच्या प्रत्येक कोटेशनवर तोच छापलेला. अण्णा कामाची प्रत्येक मेल छापून घेतात, पंच मारतात आणि फायलीला लावतात. त्यांच्या केबिनमधलं एक अख्खं कपाट अशा मेलांचं आहे. पत्ता बदला म्हणून त्यांना सांगायची माझी छाती नव्हती, दादाची तर नव्हतीच.

पत्ते सतरा, पण वाचणारी माणसं चार: अण्णा, दादा, वहिनी आणि मावसभाऊ. जुन्या होस्टिंगवाल्यांची आकारणी पत्त्यागणिक होती. नूतनीकरणाचं बिल आलं तसा दादाचा फोन आला. “तू पुण्यात हेच करतेस ना?” मी हेच करत नाही. मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळते, आणि आमच्या ऑफिसची मेल बाहेरचं कोणीतरी सांभाळतं. पण भावाला हा फरक समजावण्यापेक्षा सर्व्हर उभा करणं सोपं, असं वाटलं.

पोस्टफिक्स घेतलं, मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर. वित्से वेनेमा या डच माणसाने आयबीएमच्या संशोधन विभागात असताना ते लिहिलं, आणि १९९८च्या डिसेंबरात ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी राज्य होतं सेंडमेलचं. सेंडमेलची सेटिंगची फाइल हाताळलेले आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी तिचं नाव निघालं की अजून आवाज खाली आणतात. पोस्टफिक्सची मुख्य फाइल मेन.सीएफ त्यामानाने सज्जन आहे, सरळ ‘अमुक बरोबर तमुक’ अशा ओळी. त्या सज्जनपणाला भुलूनच मी पहिल्या शनिवारी चुकले.

मी केलं काय, तर तिन्ही डोमेनं मायडेस्टिनेशन या एकाच ओळीत टाकली. या ओळीचा अर्थ असा की या डोमेनांची मेल इथलीच, याच मशिनवरच्या खात्यांची. मग अलायसच्या, म्हणजे टोपणनावांच्या, फाइलमध्ये नावं लिहिली: सेल्स म्हणजे दादा, अकाउंट्स म्हणजे वहिनी, इन्फो म्हणजे दादा. चाचणी केली, मेल आली, मी चहा करायला उठले. चहा गाळताना लक्षात आलं. अलायसच्या फाइलला नुसतं ‘सेल्स’ कळतं, ते कुठल्या डोमेनचं हे तिला दिसतच नाही. मशिन शॉपचा सेल्स दादाकडे जायला हवा आणि फाउंड्रीचा मावसभावाकडे. इथे दोन्ही दादाच्या पदरात पडत होते. तीन डोमेनं म्हणजे एकाच दाराला लावलेल्या तीन पाट्या, असं ते झालं होतं.

म्हणून दुसऱ्या शनिवारी व्हर्च्युअलकडे वळले. पोस्टफिक्सच्या लेखी प्रत्येक डोमेन कुठल्या तरी एका वर्गात बसतं. मशिनवर खाती असलेलं. नुसतं नामधारी, ज्याचे सगळे पत्ते दुसरीकडे वळवलेले. मेलबॉक्स असलेलं, पण त्यासाठी मशिनवर खातं न लागणारं. पुढच्या सर्व्हरकडे सोपवायचं. आणि या कशातच न बसणारं बाकीचं जग. आमचं नवं डोमेन तिसऱ्यात गेलं, कारण चौघांचे खरे मेलबॉक्स तिथे. जुनं आणि फाउंड्री नामधारी. मग व्हर्च्युअल नावाच्या साध्या फाइलमध्ये एकेक ओळ, डावीकडे जगाला माहीत असलेला पत्ता, उजवीकडे खरा मेलबॉक्स:

सेल्स@जुनं दादा@नवं
सेल्स@फाउंड्री मावसभाऊ@नवं
अण्णा@जुनं अण्णा@नवं

बस, एवढंच. तीन डोमेनं, तीन वेगळी घरं. वळवण्याची ही फाइल वर्ग बघत नाही, येणाऱ्या प्रत्येक पत्त्याला लागू होते, त्यामुळे नव्या डोमेनवरचे सेल्स आणि स्टोअर्सही तिच्यातच बसले. शिवाय प्रत्येक डोमेनला पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्ते घातले. वहिनींच्या यादीत ते असायचं कारणच नव्हतं, पण पोस्टमास्टर नियमानेच लागतो, आणि १९९७च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ही दोन्ही नावं नेमून दिलेली आहेत. आपल्या सर्व्हरवरून काही वावगं जात असेल तर समोरचा याच पत्त्यांवर कळवतो.

फाइल लिहिली, पोस्टफिक्स रिलोड केलं, चाचणी केली, आणि मेल जुन्याच रस्त्याने गेली. वीस मिनिटं मी मेन.सीएफ अक्षर अक्षर वाचत बसले. चूक तिथे नव्हतीच. पोस्टफिक्स ही साधी फाइल वाचतच नाही. पोस्टमॅप चालवलं की तिच्यापासून शेजारी एक डीबी फाइल तयार होते, ती तो वाचतो. मी मजकूर बदलला होता, पोस्टमॅप चालवलं नव्हतं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, त्याने ‘डेटाबेस मूळ फाइलपेक्षा जुना आहे’ असं सांगूनही ठेवलेलं. तेव्हापासून सवय लावून घेतली: फाइल वाचवली की पोस्टमॅप, आणि लगेच पोस्टमॅपलाच उणे क्यू लावून विचारायचं, सेल्स@फाउंड्री कुठे जातो रे? तो उत्तर देतो. एकही मेल न पाठवता कळतं.

बाकीच्या तयारीत सांगण्यासारखं फार नाही. सर्व्हर भाड्याने देणारे बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, सहसा बंद ठेवतात, ते विनंती करून उघडून घ्यावं लागलं. आयपीची (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाची) उलट नोंद, एसपीएफ (आपली मेल कुठल्या आयपीवरून येते याची जाहीर यादी), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही), सगळं रीतसर केलं. एमएक्सची, म्हणजे डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या पाटीची, टीटीएल (जगाने ती पाटी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ८६,४०० सेकंदांवर होती, म्हणजे पूर्ण एक दिवस. ती दोन दिवस आधी ३०० करून ठेवली, म्हणजे पाट्या बदलल्या की जगाला पाच मिनिटांत कळावं. आणि सॉफ्ट बाउन्स सुरू केलं. हे फार गुणी सेटिंग आहे. आपल्या चुकीने एखादा बरोबर पत्ता नाकारला जात असेल, तर पोस्टफिक्स ५५० म्हणजे ‘कायमचं नाही’ असं न म्हणता ४५० म्हणतो, ‘आत्ता नाही, परत ये’. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येत राहतो. तोवर आपण चूक दुरुस्त करायची. रविवारी रात्री एमएक्स बदललं आणि झोपले.

सोमवारी पहिला फोन अण्णांचा. “अगं, बँकेतनं फोन आलता. म्हणतात, नोंदवलेल्या पत्त्यावरनं मेल करा. मी तर माझ्याच पत्त्यावरनं केली.”

हा माझा अतिशहाणपणा. अण्णांचा जुना पत्ता नव्याकडे वळवायला व्हर्च्युअलची ओळ होतीच. पण पक्कं काम म्हणून मी तीच जोडी कॅनॉनिकलच्या फाइलमध्येही घातली होती. नावावरून वाटलं, अधिकृत पत्ता सांगायची जागा दिसते. आहे तशीच, फक्त तिचा हात लांबवर पोचतो. व्हर्च्युअल बदलतो तो फक्त पाकिटावरचा, मेल कोणाला द्यायची तो पत्ता. कॅनॉनिकल पाकीट बदलतो, आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर लिहिलेलं ‘कडून’ आणि ‘प्रति’ही बदलतो. अण्णा वेबमेल वापरतात, आणि वेबमेल त्याच मशिनवर असल्यामुळे पोस्टफिक्स तिथून निघणाऱ्या पत्राला घरचं समजून त्याच्या डोक्यावरही हात फिरवतो. अण्णांनी जुन्या पत्त्यावरून लिहिलं, सर्व्हरने ‘कडून’ खोडून नवा पत्ता घातला, आणि बँकेच्या बाईंनी बरोबर अडवलं.

मेलला पाकीट आणि पत्र असं दोन्ही असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते पाकिटाबद्दल, आपण इनबॉक्सात बघतो ते पत्र, आणि दोन्हीवरचे पत्ते एकच असले पाहिजेत असं काही नाही. पण माहीत असणं वेगळं आणि अण्णांनी त्यांच्या केबिनमधून “माझा पत्ता कुणी बदलला?” असं विचारणं वेगळं. कॅनॉनिकलची ओळ काढून टाकली. आता अण्णांना आलेल्या मेलवरही ‘प्रति’मध्ये त्यांचा जुनाच पत्ता दिसतो, जसा पाठवणाऱ्याने लिहिला तसा. छापून फायलीला लावायला तेच हवं होतं.

बुधवारी दादाने सहज विचारलं, “कास्टिंगची एक इन्क्वायरी मला कशी आली?” इन्फो@फाउंड्रीवर आलेली होती. हा पत्ता वहिनींच्या यादीत नव्हता, कारण तो कोणी रीतसर काढलाच नव्हता. फाउंड्रीच्या टेम्पोवर रंगवताना पेंटरने बाकीच्या गाड्यांवर असतो तसा इन्फो लिहून टाकला होता, आणि मग कोणीतरी त्याच्यासाठी जुन्या होस्टिंगवर सोय केली होती. ते ठीक, पण यादीत नसलेला पत्ता परत जायला हवा होता. दादाकडे कसा गेला?

लॉग उघडला तर एक इशारा दर थोड्या वेळाने उमटत होता. त्याचा मराठीत अर्थ: हे डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल अलायस डोमेन्स या दोन्हीत लिहू नका. ‘दोन्ही’ हा शब्द मोठ्या लिपीत. पहिल्या शनिवारच्या ओळीतून मी जुनं आणि नवं काढलं होतं, फाउंड्री राहून गेली होती. व्हर्च्युअलच्या फाइलमध्ये लिहिलेले पत्ते बरोबर वळत होते, म्हणून चाचणीत काही खुपलं नाही. न लिहिलेला पत्ता मात्र परत न जाता मशिनवरच्या अलायसच्या फाइलकडे जात होता, आणि तिथे इन्फो म्हणजे दादा. मावसभावाच्या गिऱ्हाइकाचे भाव दादाच्या इनबॉक्सात. दादाने लगेच त्याला पाठवून दिले हे बरं केलं. भागीदारीत मन कलुषित व्हायला याहून कमी पुरतं. फाउंड्री त्या ओळीतून काढली, इन्फोची एक ओळ वाढवली, अलायसच्या फाइलमध्ये फक्त मशिनला स्वतःला लागणारी नावं ठेवली.

आणि तरीही खरा फटका बसला तो अगदी गुणी सेटिंगपायी.

सॉफ्ट बाउन्स बंद करायचं मी विसरले. एक दिवस नाही, नऊ दिवस. दहाव्या दिवशी दादाचा फोन, आवाज थंड. एका जुन्या गिऱ्हाइकाने शाफ्टची परचेस ऑर्डर आणि ड्रॉइंग वर्क्स@जुनं या पत्त्यावर शुक्रवारी पाठवलं होतं. हा पत्ताही यादीत नव्हता. आमच्या सर्व्हरने त्याला ‘आत्ता नाही, परत ये’ सांगितलं. त्याचा सर्व्हर इमानदारीत परत येत राहिला. शनिवार, रविवार, सोमवार. पोस्टफिक्स स्वतः अशी मेल पाच दिवस धरून ठेवतो, आणि त्यांच्या सर्व्हरचीही मुदत तेवढीच निघाली. बुधवारी त्या माणसाला ‘पोचली नाही’ असं उत्तर गेलं. पाच दिवस तो समजत होता की ऑर्डर आमच्याकडे पोचली, आणि आम्ही समजत होतो की या आठवड्यात ऑर्डर नाही.

ऑर्डर हातची गेली नाही, पण दादाने गिऱ्हाइकाचं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे आणून ओतलं. ते रास्तच होतं. त्या मेलला पहिल्याच मिनिटाला ‘असा पत्ता इथे नाही’ म्हटलं असतं तर त्या माणसाने फोन उचलला असता. नाही म्हणायला लाजणारा सर्व्हर हा उद्धट सर्व्हरपेक्षा वाईट, हे मला तेव्हा कळलं. सॉफ्ट बाउन्स फोनवर बोलता बोलताच बंद केलं.

“ते असू दे,” दादा म्हणाला. “आता एक कर. जुन्यावर काहीही येऊ दे, कुठल्याही नावाने, घेऊन टाक.”

याला एकच ओळ लागते. डावीकडे नुसतं @जुनं, उजवीकडे @नवं. म्हणजे जुन्यावर ज्या नावाने येईल त्या नावाने नव्याकडे ढकल. दिसायला किती देखणी ओळ! मी पोस्टफिक्सच्या माहितीत हिच्याबद्दलचा इशारा वाचलेला होता. तरी लिहिली, कारण एक ऑर्डर अडकली होती आणि रात्रीचे साडेदहा झाले होते.

सकाळी मेलक्यू बघितलं तर रांगेत पावणेदोनशे मेल. बहुतेकांचा पाठवणारा मेलर-डीमन, म्हणजे आमचाच सर्व्हर. रात्रभरात कोणीतरी जुन्यावर मनाला येतील ती नावं लावून बघितली होती: अॅडमिन, टेस्ट, जॉन, मेरी. आदल्या दिवसापर्यंत दारातच हटकलं गेलं असतं. पण ती एक ओळ म्हणत होती की जुन्यावरचं प्रत्येक नाव खरं आहे, म्हणून दारावरच्या प्रोग्रॅमने सगळ्यांना आत घेतलं. आत गेल्यावर मेरी@नवं असा मेलबॉक्स कुठे आहे? नाही. मग सर्व्हरने सभ्यपणे पाठवणाऱ्याला कळवायला घेतलं की मेरी इथे राहत नाही. आणि पाठवणारे पत्ते सगळे चोरलेले. म्हणजे ज्यांनी आम्हाला कधी काही लिहिलंच नाही अशा कुठल्या कुठल्या लोकांना आमच्या नव्याकोऱ्या आयपीवरून रात्रभर ‘तुमची मेल पोचली नाही’ अशी उत्तरं गेली. जी गेली नाहीत ती रांगेत तुंबली.

दारात नकार दिला असता तर पुढची सगळी जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरची. एकदा ‘घेतली’ म्हटलं की ती मेल आपली, आणि नकार देण्याचं कामही आपलं, तेही बनावट पत्त्यावर. जुन्यावर येईल ते सगळं मुकाट एका मेलबॉक्सात टाकता आलं असतं. उत्तरं गेली नसती, पण तो कचरा रोज वहिनींनी निवडला असता.

आधी पोस्टसुपरने सगळी रांग रोखून धरली. रांगेतलं सगळंच्या सगळं उडवायचा हुकूम त्यात आहे, बोट शिवशिवतही होतं, पण त्या पावणेदोनशेत खऱ्या सहा मेल होत्या. त्यातली एक वहिनींनी पाठवलेलं बिल. मेलर-डीमनवाल्या निवडून काढल्या, सहा सोडल्या, ती देखणी ओळ खोडली, पोस्टमॅप.

मग उरला दादाचा प्रश्न, आणि तो खरा होता. यादीत नसलेले पण लोक वापरतात असे पत्ते शोधायचे कसे? जुन्या होस्टिंगवर लॉग मागून बघितले, तिथे तेवढ्या मागचे ठेवलेलेच नव्हते. लॉग निघाले अण्णांच्या कपाटात. प्रत्येक छापील मेलच्या वर ‘प्रति’ची ओळ असतेच. मी सांगलीला गेले तेव्हा शनिवारची दुपार आम्ही तिघांनी केबिनमध्ये घालवली. अण्णा खुर्चीत, फायली काढून देत. वहिनी आणि मी सतरंजीवर. भजी होती, हात पुसून पानं उलटायची अशी अण्णांची सक्त ताकीद होती. वर्क्स नऊ ठिकाणी सापडला. एक परचेस निघाला. आणि अण्णांच्या नावाचं चुकीचं स्पेलिंग, जे पुण्याचा एक पुरवठादार २०११पासून बिनचूकपणे चुकवत आला होता. जुन्या होस्टिंगवर त्याच्यासाठीही कोणीतरी सोय केलेली. “ह्याला सांगून सुधारणार नाही,” अण्णा म्हणाले, “हेपण घाल.” घातलं. सतराचे एकवीस झाले, पोस्टमास्टर आणि अब्यूज मिळून सत्तावीस ओळी. जे या सत्तावीस ओळींत आणि चार मेलबॉक्सांत नाही ते दारातून परत, ५५० सांगून, ताबडतोब.

शेवटचं काम वहिनींचं. अकाउंट्सवर येणारं सगळं सीए साहेबांच्या जीमेलवरही जायला हवं होतं. व्हर्च्युअलच्या ओळीत उजवीकडे स्वल्पविराम देऊन दुसरा पत्ता लिहिता येतो, तो बाहेरचाही चालतो. लिहिला. काही मेल पोचल्या, काही स्पॅममध्ये गेल्या, काही परत आल्या. कारण पुन्हा पाकीटच. पुढे पाठवताना पाकिटावर मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता तसाच राहतो. समजा बँकेने मेल केली. जीमेलला दिसतं की पाकिटावर बँकेचं नाव आणि आणून देणारा सर्व्हर कुपवाडच्या मशिन शॉपचा. बँकेचं एसपीएफ स्पष्ट सांगतं की आमची मेल फक्त या या आयपीवरून येते. तिथेच ती नापास. बँकेने पत्रावर डीकिमची सही केलेली असेल आणि वाटेत मजकुराला कोणी हात लावला नसेल तर ती सही टिकते आणि मेल तरून जाते. नसेल तर नाही. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगलने तपासणी आणखी कडक केली आहे, त्यामुळे सहीविना आलेली मेल वळवून पाठवणं आणखीच अवघड झालंय.

यावर एसआरएस नावाचा उपाय आहे. पोस्टएसआरएसडी हा छोटा प्रोग्रॅम पोस्टफिक्सच्या शेजारी बसतो, आणि बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा पाठवणारा बदलून आपल्या डोमेनचा एक लांबलचक पत्ता घालतो. त्यातच मूळ पत्ता, तारखेची खूण आणि बनावट ओळखता यावी म्हणून एक छोटा कोड गुंफलेला असतो. मेल परत आली तर तो पत्ता उलगडून मूळ पाठवणाऱ्याकडे जातो. गंमत म्हणजे तो जोडायचा कॅनॉनिकललाच, ज्याने अण्णांचा घात केला होता. फक्त या वेळी त्याला बजावायचं की हात पाकिटावरच्या पाठवणाऱ्यापुरता. मी बसवला, चाललाही छान. आणि आठवड्याने काढून टाकला.

कारण अकाउंट्सवर येणारं स्पॅमही त्याच रस्त्याने जीमेलकडे जात होतं, आणि आता पाकिटावर आमचं नाव. दुसऱ्याचा कचरा आपल्या नावाने गूगलच्या दारात टाकायचा आणि मग आपली बिलं स्पॅममध्ये का जातात म्हणून डोकं धरायचं, हे मला पटेना. सीए साहेबांना एक पाचवा मेलबॉक्स दिला आणि त्यांच्या फोनवर तो जोडून दिला. पहिले दोन दिवस कुरकुर झाली. कोणी मला विचारलं तर मी हेच सांगते: आपल्याच सर्व्हरच्या आत हवे तेवढे पत्ते वळवा, घराबाहेर वळवण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि चार माणसांसाठी स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा का, असं विचारलं तर खरं उत्तर ‘नको’ असं आहे. घरात रोज लॉग बघणारं कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

आता सकाळी चहाबरोबर मी लॉगमधल्या नाकारलेल्या पत्त्यांवर नजर टाकते. बहुतेक अॅडमिन आणि मेरीच असतात. महिन्यापूर्वी स्टोअर असा एकवचनी पत्ता दोनदा दिसला. वहिनींना विचारून अठ्ठाविसावी ओळ घातली.

गेल्या आठवड्यात अण्णांचा पुन्हा फोन. एकच मेल दोनदा आली म्हणाले. बघितलं तर गिऱ्हाइकाने ‘प्रति’मध्ये अण्णांचे दोन्ही पत्ते लिहिले होते, जुना आणि नवा. डोमेनं वेगळी, म्हणून पाठवणाऱ्या सर्व्हरने दोन वेगळ्या फेऱ्या केल्या. माझ्या सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाकिटं. हे थांबवायचं तर मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डोव्हकॉट या प्रोग्रॅममध्ये वेगळी सोय करावी लागेल, मी अण्णांना सांगितलं, रविवारी बसते.

“कशाला?” अण्णा म्हणाले. “एक फायलीला लावली, एक खाली शॉपवर दिली. झेरॉक्स वाचली.”